एक वीत राखीव जागा

ती. दादांना साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे मनातल्या मनातच घातला आहे, गोड मानून घ्यावा). तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करता, की वहिनींसमोर नुसते लंगडून दाखवता?

माझ्या कंबरेची हकीकत अशी. ओढ्याकाठच्या गवतात एका पक्षिणीने चार अंडी घातली आहेत. पाय लांब, रंग मातीचा, आणि अक्कल एवढी की एवढी झाडं सोडून घरटं थेट जमिनीवर! शाळेतले मास्तर म्हणाले, ही जात आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहे. झालं, मी उठलो आणि वन कार्यालय गाठलं (नसती उठाठेव, इति आमचं कुटुंब). साहेब मोठे सज्जन. पक्षिणीला मारलं तर तुरुंग, अंडी मुद्दाम फोडली तरी तुरुंग, म्हणाले. मी खूश! मग विचारलं, गवतच नांगरलं तर? तर काही नाही, शेतीच्या कामात चुकून फुटली तर गुन्हा होत नाही, जमीन ज्याची त्याची. आता दादा, अंडी काय तिने कनवटीला लावून फिरायचं? साहेबही बिचारे हळहळले. तरी शेतावर आले, टेप काढली आणि कागद लिहून दिला: कायद्याची जागा घरट्यापुरती, एक वीत, बाकी मालकाची मर्जी.

त्या एका वितीभोवती मी हौसेने चार काठ्या रोवून लाल फडकी बांधली. बाईसाहेब अशा बिथरल्या की घरट्याकडे फिरकेनात! शेवटी पोटावर सरपटत जाऊन मीच ती काढली, तेव्हा कुठे येऊन बसल्या. कंबर तिथेच गेली.

बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकावा.

तुमचा धाकटा

ता. क. हे गवत कुणाच्या वाट्यात येतं ते लिहायचं राहिलं. तुमच्या. सोमवारी तुम्ही सांगितलेला ट्रॅक्टर येतोय. पंधरा दिवस थांबवा हो, तेवढ्यात पिल्लं पायावर उभी राहतील.

ता. क. २. खरं तर मला हे मागायला तोंड नाही. गेल्या साली माझ्या वाट्यातलं गवत मीच नांगरलं. आत घरटं होतं, ते नंतर कळलं. दोन दिवस ती ढेकळांवरून ओरडत फिरत होती. मला कुणी जाब विचारलासुद्धा नाही. यंदा ती तुमच्याकडे आली आहे.