शहजाद्याची पिल्लं

१२ फेब्रुवारी २०१७, अमरावती
हळदीला घेऊन अकोल्याला जाऊन आलो. हळद म्हणजे माझी लेपर्ड गेको, पाळीव पाल. अल्बिनो, अंग पिवळं, काळा ठिपका एकही नाही. जुन्या शहरात सलीमचं रंगीत माशांचं दुकान आहे, त्याचा नर शहजादाही तसाच. सलीम दर्यापूरच्या शाळेपासूनचा दोस्त, सौदा दोन वाक्यांत. गावाकडे बकरी बटईनं देतात तशी हळद दिली. पिल्लं अर्धी त्याची, अर्धी माझी.
"आधीच नर लागलेली तं नाही ना बे?"
"नाही."
बटईत एवढंच विचारतात. बाकी शब्दावर.

९ एप्रिल
हळदीसह माझ्या वाट्याची दोन अंडी आणली. थर्माकोलचा डबा, आत ओला नारळाचा भुसा. अंड्यावर पेन्सिलीची खूण, खूण वरच राहिली पाहिजे, अंडं उलटलं की पिल्लू मेलं. एसटीत डबा मांडीवर. शेजारची बाई म्हणाली, "पेढे का?" हो म्हणालो.
डबा कूलरच्या खोलीत ठेवलाय. अंडी थंड राहिली की माद्या, गरम राहिली की नर. सलीमच्या वाट्याची त्याच्या दुकानात, म्हणजे भट्टीतच.

२८ मे
दोन्ही फुटली. पिल्लांच्या अंगावर डांबरासारखे काळे पट्टे. साधी, अगदी साधी.
अलका चष्मा लावून बघायला आली. "गोऱ्याच्या घरात गोरी दिली, अन् हे काय?"
बायकोला काय सांगणार? मलाच कळलेलं नाही.

३० मे
स.चा फोन. त्याचीही काळीच.
"लागलेली दिली तू मले. तुयापाशी तो साधा नर होता ना?"
होता. वेगळ्या टाकीत. दिवाळीत मेला. पण मादी नराचं बीज कित्येक महिने अंगात साठवते, हे मीच स.ला शिकवलेलं. आता तेच माझ्या गळ्यात.
"पेपरच्या बातमीत पाणी घालता घालता पालीतही घातलं का रे?"
मला पुढे बोलू दिलं नाही.

२६ जून, ईद
दरवर्षी शीरखुर्मा अकोल्यात. यंदा फोन नाही. न बोलावता जाता आलं असतं, बोलावणं कधी लागलंय? पाय निघाला नाही.
अलका : "पालीपायी ईद गेली तुमची."

१५ नोव्हेंबर
दिवसभर पेपरच्या ऑफिसात बोंडअळीचं पान. दर्यापूरहून आलेला फोटो: बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की अळी. तीन कॉलम, शीर्षक बदला, पुन्हा बदला. पान वेळेत सोडलं.
घरी येऊन गेकोचं वाचत बसलो. सापडलं. अल्बिनो एकाच जातीचा नसतो. वरून सगळे सारखे, आतला बिघाड वेगवेगळा. हळदीचा एक, शहजाद्याचा दुसरा. एका छापखान्यात शाई नाही, दुसऱ्यात रोलर मोडलेला; दोन्हीकडचा कागद कोराच. पण याची शाई त्याच्या रोलरवर आली की छपाई काळी कुळकुळीत. पिल्लांचं तेच झालं.
म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो. आणि हे सिद्ध करायला मला पुस्तक लागलं. त्याला माझा शब्द पुरायला हवा होता.

१९ नोव्हेंबर, अकोला
स.ने स्टूल दिलं नाही. उभ्यानंच सांगितलं.
"छापखाना नोको सांगू मले. पुस्तकात काहीबी छापते, तूच छापतं."
म्हटलं, माझ्याकडच्या पिल्लांतली एक मादी मोठी झाली की शहजाद्याशी लावू. त्याची असेल तर त्याचा बिघाड तिच्यात लपलेला असणार, निम्मी पिल्लं गोरी निघतील. त्या साध्या नराची असेल तर एकही नाही.
"बापाले लेकीसंगं? तोबा! काय माणूस हाय तू!"
हसला. जुनं हसू नव्हतं ते. मग म्हणाला, "नेजो उन्हाळ्यात. गोरं निघालं तं मी तुया दारात येतो. नाही निघालं तं तू माया दुकानाची पायरी चढू नोको."

४ मार्च २०१८
शहजादा आणला. दुकानातला पोरगा पायरीवर देऊन गेला, स. आत असूनही बाहेर आला नाही.

१५ एप्रिल
दोन अंडी. दोनच.
निम्मी म्हणजे दोनातलं एक असं नाही. नाणं दोनदा उडवायचं. दोन्ही काळी निघाली तरी मी खराच असेन, आणि ते फक्त मला माहीत असेल. हे स.ला सांगायचं राहिलं. आता सांगितलं तर पळवाट म्हणेल.

३ जून
सकाळी अंड्यांना घाम फुटला. आज फुटणार.
आधी बोलावलं आणि काळी निघाली, तर त्याच्या डोळ्यांदेखत. नंतर बोलावलं तर गोरं पिल्लू विकत आणलं म्हणेल. बराच वेळ फोन हातात.
केला.
"येतो. पण चहा नाही घेणार."

दुपार. एका अंड्याला चीर. फोन केला तर स.ची बस मूर्तिजापूरला उभी. अलका डोकावत होती, तिला बाहेर काढलं. डब्याला झाकण लावलं, खोलीला कडी घातली. ओसरीत खुर्ची टाकून बसलोय. त्याच्याआधी मीही बघणार नाही.