बुधवारी गार्लंड अडखळत नाहीत

मंगळवार, ९ सप्टेंबर

१. दहाला गार्लंड सिगमन यांच्या पॉडकास्टचं रेकॉर्डिंग सुरू. पाहुणा ड्यूई केलर. गार्लंडचा जुना वैरी. पूर्वी हे दोघं दर रविवारी शर्यतीत एकमेकांच्या गाड्या ट्रॅकच्या भिंतीवर घासायचे.

२. पहिला अर्धा तास ठीक. मग गार्लंडनी ड्यूईला विचारलं, "आणि आपण कोण म्हणालात?"

३. ड्यूई हसला. त्याला वाटलं टोमणा. सहनिवेदक ट्रिपही हसला. ट्रिपला माहीत होतं की तो टोमणा नव्हता.

४. ड्यूई म्हणाला, "अठरा ऑक्टोबरला पायनी फोर्डला म्हाताऱ्यांची शर्यत आहे. ये, दाखवतो मी कोण ते!" गार्लंड म्हणाले, "येतो. माझ्या मागच्या बंपरचं दर्शन घेत बस."

५. ड्यूई गेल्यावर गार्लंडनी मला विचारलं, "तो माणूस कशाला आला होता?"

६. मी क्रमांक २ आणि ३ कापले. ४ ठेवला. ट्रिपने ठेवायला सांगितला.

बुधवार, १० सप्टेंबर

भाग प्रसारित झाला. श्रोते खूश. "सिगमन एकाहत्तरचे आहेत यावर विश्वास बसत नाही." "काय धार आहे म्हाताऱ्याला!"

धार माझी आहे, त्यांच्या साउंड इंजिनियरची. ते इथे लिहायला हरकत नाही.

माझ्याकडे त्यांच्या शब्दांचा साठा आहे. तीन वर्षांत जमवला. हसणं, घसा खाकरणं, प्रत्येक ट्रॅकचं नाव, चढ्या आवाजात आणि उतरत्या. काल त्यांना डार्लिंग्टन आठवेना. "ते... ते लांबट... अंड्यासारखं..." मी दोन वर्षांपूर्वीचं डार्लिंग्टन घेतलं आणि तिथे बसवलं. मागे त्यांचाच श्वास लावला. जोड मलाही ऐकू येत नाही.

ट्रिप त्यांचा पुतण्या. कार्यक्रमात शेजारी बसतो आणि धंदाही तोच बघतो. म्हणाला, "तू नसतीस तर काकाला केव्हाच गॅरेजात झाकून ठेवावं लागलं असतं." कौतुक म्हणून म्हणाला.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

पायनी फोर्डवाल्यांना तब्येत ठीक असल्याचं डॉक्टरचं पत्र हवं.

गार्लंडची एक आवडती गोष्ट आहे. दर चार भागांनी सांगतात. पूर्वी अपघात झाला की ट्रॅकवरचा डॉक्टर विचारायचा — आज वार कोणता, गाव कोणतं? चुकलं तर पुन्हा गाडीत बसू देत नसत. म्हणून मेकॅनिक डॅशबोर्डवर पांढऱ्या चिकटपट्टीवर वार आणि गाव लिहून ठेवायचे. डोकं गरगरतंय, डोळ्यांपुढे दोन दोन डॉक्टर, तरी पठ्ठ्या वाचून उत्तर देतो! यावर सगळे हसतात. मीही हसले होते, पहिल्यांदा.

वर्षभर मी तशीच पट्टी त्यांच्या माइकच्या दांड्यावर लावते. पाहुण्याचं नाव, ट्रॅक, महिना. आज सकाळी दारात उभे. टोपी हातात.

"इंजिनियरबाई, डॉक्टरकडे चाललोय. पट्टी दे."

दिली. मोठ्या, स्वच्छ अक्षरात. शुक्रवार. सप्टेंबर. मूर्सव्हिल. त्यांनी ती टोपीच्या आत चिकटवली.

दुपारी ट्रिपकडून कळलं, डॉक्टरने एकच प्रश्न विचारला. ड्यूईला कितव्या फेरीत मागे टाकणार? मग म्हणाला, "दर बुधवारी ऐकतो मी तुम्हाला. तुमचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं!" सही केली.

टोपी उतरवायचीही गरज पडली नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

ट्रिप दुपारी मला बार्बेक्यू खायला घेऊन गेला. टेबलावर त्याचे गॅरेजवाले मित्र. सगळ्यांपुढे डुकराचं मांस, कोबी, गोड चहा. ट्रिपने फोन मधोमध ठेवला आणि आवाज मोठा केला.

मी कापलेले तुकडे होते.

गार्लंडचा आवाज — "तो... काळा... गोल... गाडीला खाली असतो तो..." मग लांबलचक शांतता. मित्रांनी ओळखायचं, म्हाताऱ्याला काय म्हणायचंय.

"बूच!"

"बायको!"

"टायर रे, टायर! शब्द टायर आहे! आणि हा माणूस पायनी फोर्डला दोनदा जिंकलाय!"

एकाच्या नाकातून चहा आला. ट्रिप मला म्हणाला, "तूही एक सांग ना. तुला तर सगळे पाठ असतील." मी म्हटलं, मला काम आहे.

ते तुकडे मीच नीट नावं देऊन ठेवले होते. विषय, तारीख, लांबी. शोधायला सोपे जावेत म्हणून.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आज वर्नाबाई सँडविच घेऊन आत आल्या. रेकॉर्डिंग चालू होतं. गार्लंड वळले.

"हिला आत कोणी सोडलं?"

त्या म्हणाल्या, "अहो, मी आहे."

"मी कोण? बाई, तुम्हाला सही हवी असेल तर बाहेर थांबा. माझी बायको बघेल."

त्या थाळी ठेवून बाहेर गेल्या. त्रेपन्न वर्षांचा संसार. ट्रिपने माझ्याकडे बघून बोटांची कात्री केली.

नंतर गार्लंडना काय झालं कळलं असावं. कारण ते माझ्यावर घसरले. "तू काय बघतेस? गाडी कधी चालवलीस? भिंत कधी लागली अंगाला? दुसऱ्याच्या बोलण्याला ठिगळं लावायची, यासाठी बापाने कॉलेजात घातली तुला?"

मी म्हटलं, "हो."

शर्यतीत अठरा गाड्या आहेत. एकटे गार्लंड नाहीत. मी ट्रिपला सांगितलं, हे थांबव. तो म्हणाला, "म्हातारे आहेत गं सगळे. किती जोरात जाणार?"

जोरात जातील. मला आकडा माहीत आहे.

बुधवार, ८ ऑक्टोबर

भाग नेटवर मीच चढवते, सकाळी सहाला. आज न कापता चढवला. संपूर्ण. वर्नाबाईंचाही प्रसंग.

शर्यत थांबावी म्हणून. असं लिहिते. खरंही आहे. पण ठिगळांबद्दल ते बोलले नसते, तर मी निदान वर्नाबाईंना वगळलं असतं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

कोणाचा विश्वास बसला नाही!

"बनावट आहे." "यंत्राने बनवलेला आवाज." "गेल्या आठवड्याचा भाग ऐका आणि हा ऐका, हा माणूस तो नव्हेच." एकाने तर जोड कुठे आहेत तेही दाखवलं. जिथे एकही नाही तिथे.

ट्रिप आधी घाबरला होता. दुपारपर्यंत सावरला. जाहीर केलं — एका नाराज नोकराने काकांच्या आवाजाची विटंबना केली, तिला काढलंय. डॉक्टर म्हणाला, मी स्वतः तपासलंय. ड्यूई रेडिओवर म्हणाला, "मी गेल्या महिन्यात त्याच्यासमोर बसलो होतो. खणखणीत! मला ओळखत नसल्याचं नाटक केलं बेट्याने!"

पायनी फोर्डची सगळी तिकिटं गेली.

श्रोत्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. एका बाजूला एक भाग, दुसऱ्या बाजूला दीडशे. पुरावा त्यांच्या बाजूने आहे. तो मी तयार केला.

शनिवार, ११ ऑक्टोबर

नवी नोकरी शोधते आहे. शर्यत थांबवा म्हणून पायनी फोर्डला तीन पत्रं. उत्तर नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

चर्च सुटल्यावर वर्नाबाई आल्या. आत या म्हटलं, तर आल्या नाहीत. दारातच, पर्स छातीशी.

"माझ्या नवऱ्याने मला ओळखलं नाही, हे तू सगळ्या गावाला ऐकवलंस."

मी म्हटलं, "तुम्ही खरं सांगितलंत तर शर्यत थांबेल. तुमच्यावर विश्वास ठेवतील."

त्या म्हणाल्या, "दर बुधवारी ते स्वैपाकघरात बसून स्वतःचा भाग ऐकतात, माहीत आहे तुला? पहिल्यापासून शेवटपर्यंत. संपला की माझ्याकडे बघून म्हणतात, 'ऐकलंस? आणि तू मला शार्लट शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडे न्यायला निघालीस!' — सांग, मी काय बोलणार होते? दोन वर्षांपूर्वी ते थोडे थोडे मानायला लागले होते. मग तू आणखी सफाईने करायला लागलीस."

"मला माहीत नव्हतं."

"तू विचारलं नाहीस."

मी या बुधवारच्या भागाचं विचारलं. तोही ऐकला म्हणाल्या. शेवटपर्यंत. जेवले नाहीत. दुपारी मात्र विचारलं, हे काय होतं?

"आणि तुम्ही?"

"म्हटलं, त्या मुलीने खोटं बनवलंय."

"का?"

"त्यांचं तोंड बघितलं असतंस, तर तूही तेच सांगितलं असतंस."

नसतं सांगितलं. पण हे त्यांना बोलले नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

फोनवर आवाजी निरोप. सकाळचा. जसाच्या तसा उतरवते, काही न कापता.

"इंजिनियरबाई. मी... सिगमन बोलतोय. ट्रिप म्हणतो तू बनवलंस. ही पण तेच म्हणते. ... ही दोघं माझ्याशी गोड बोलतात. तू कधी बोलली नाहीस गोड. म्हणून तुला... म्हणून... तो बुधवारचा माणूस. जो बायकोला... तो मी होतो का? मला शुक्रवारपर्यंत सांग. शनिवारी गाडीत बसायचंय मला."