सासूच्या वळणावरचे पांढरे दिवे

बेयाविस्ता,
गुरुवार, दुपार

प्रिय एवेलिओ,

पाकिटावर माझ्या बाबांचं अक्षर पाहून तू ते निर्धास्तपणे उघडलं असशील. आत मी आहे, ओमायरा. तुझं नाव मुद्दाम त्यांच्याकडून लिहून घेतलं. फोन केला असता, पण तुझा फोन हल्ली तुझी बायको युरानीच उचलते, आणि ‘हॅलो’ अशी म्हणते की जणू तिच्या औषधाच्या दुकानात कुणी चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागायला आलंय. तेव्हा पत्र. आणि एकट्यानेच वाच. तिला दाखवायला मी काही लग्नपत्रिका लिहीत नाहीये.

आधी कामाचं. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की चौकात जीपवाल्यांची बैठक आहे, आणि त्यात तुझी पाळी काढून घ्यायचं घाटतंय. पहाटेची पहिली फेरी जाईल, शनिवारच्या बाजाराची जाईल, आणि तू उरशील रांगेच्या शेपटाला, कुणी कोंबड्यांची टोपली घेऊन येतंय का याची वाट बघत. कारण तुझे दिवे. ते पांढरे, निळसर, डोळ्यांत घुसणारे, बायकोने वाढदिवसाला दिलेले दिवे. त्यांना साक्ष हवी आहे ती माझी. मंगळवारी पहाटे सासूच्या वळणावर जो दुधाचा ट्रक रस्ता सोडून गेला, तो मीच चालवत होते ना.

तुला हे कुणी सांगितलं नसेल. जीपवाल्यांचा म्होरक्या तोबिआस, त्याने सगळ्यांना दम भरलाय, आधी बोलायचं नाही, बैठकीतच बोलायचं. तू पुढे निघून गेलास आणि माझं उजवं पुढचं चाक कडेवरून खाली उतरलं. तो जुना पेरूचा बुंधा आडवा आला म्हणून मी आज हे लिहितेय. रिकामे कॅन मात्र गडगडत पार खालच्या कॉफीच्या ओळींत गेले. मला खरचटलंसुद्धा नाही. लोक धावून आले, तोबिआसने विचारलं, “समोरून कोण आलं होतं गं?” मी म्हटलं, “धुकं.” तो म्हणाला, “धुक्याला हल्ली बायकोने बल्ब दिलेत वाटतं.” सगळे हसले. मीही हसले, काय करू?

गावात तुझ्यावर विनोद सुरू आहेत, तेही कानावर घालते. सूर्याच्या आधी एवेलिओ उगवतो, असं म्हणतात. पाववाली नुबिया म्हणते, “त्याची जीप दारावरून गेली की माझे कोंबडे दोनदा आरवतात.” आणि तुझी युरानी मागे लटकलेल्या लोकांना ऐकवत असते, “माझ्या एवेलिओला आता रस्त्यावरची मुंगीसुद्धा दिसते.” दिसत असेल बाबा, मुंगी दिसत असेल. समोरून सव्वा टनाचा ट्रक घेऊन मी येते, ती तेवढी दिसत नाही.

आता मला जळफळाट होतो का? होतो. लिहूनच टाकते, म्हणजे तुला ओळींच्या मधलं वाचत बसायला नको. नऊ हंगाम तू म्हणत राहिलास, यंदाची कॉफी उतरली की लग्न करू. कधी कॉफी कमी उतरली, कधी पाऊस जास्त झाला, कधी भाव पडला. मग युरानी आली, आणि झाडांवर फळं हिरवी असतानाच तू नवा शर्ट शिवायला टाकलास. त्या जीपच्या पुढच्या सीटवर मी इतकी वर्षं बसले की तिथल्या स्प्रिंगला माझी सवय झाली होती. आता तिथे ती बसते, पायावर पाय टाकून, ओठ रंगवत. आणि बल्ब! बाबांच्या गॅरेजात तू दिव्यांचं काम शिकलास, कानशिलाशी टेस्टर खोचून हिंडायचास, पण त्या जीपला मी कधी एक बल्ब द्यावा असं तुला वाटलं नाही. मी देऊ केला होता, आठवतं? तू म्हणालास, “राहू दे, पिवळा उजेडच बरा, धुक्यात तोच चालतो.” बरोबर बोलला होतास. तेव्हा तुझं डोकं ठिकाणावर होतं.

मला वाटलं, आपण नुसत्या मत्सराने हे दिवे वाईट ठरवतोय. म्हणून बुधवारी बाबांना विचारलं, नाव न घेता. समजा एखाद्याने जुन्या जीपला हे नवे पांढरे बल्ब लावले तर? बाबा मक्याची अरेपा गुळपाण्यात बुडवत होते, मान वर न करता म्हणाले, “एवेलिओने लावलेत ते ना?” मग म्हणाले, “तू जळतेस ते वेगळं आणि बल्ब चुकीचा आहे ते वेगळं. दोन्ही खरं आहे. गुळपाणी आण अजून.”

तर त्यांचं म्हणणं असं, आणि तुला ते माहीत आहे, फक्त प्रेमात विसरलास. त्या गोल दिव्याच्या मागची वाटी बनवली आहे ती बारीक तापल्या तारेसाठी. उजेड तिथूनच निघाला तर वाटी तो नीट खाली, रस्त्यावर टाकते. तुझ्या नव्या बल्बला तार नाही, दोन बाजूंना उजेडाचे बारीक दाणे आहेत. ते दाणे तारेच्या जागी नेमके येत नाहीत, आणि तू तर ते वर-खाली तोंड करून बसवलेत, मी चौकात उभ्या जीपमध्ये वाकून पाहिलंय. ते डाव्या-उजव्या अंगाला असायला हवेत. म्हणून तू अगदी इमानदारीने डिपर मारतोस, उजेड खाली करतोस, आणि समोरच्याला वाटतं, हा माणूस अप्परवरच चालवतो, मस्तवाल झालाय.

दुसरी चूक तर आपल्या गावातच होऊ शकते. दिवे लावल्यावर तू ते रविवारी कब्रस्तानाच्या पांढऱ्या भिंतीवर लावून पाहिलेस, जीप धुऊन-पुसून, रिकामी. भिंतीवर उजेडाची रेघ सरळ आली, तू खूश. अरे, पण सोमवारी मागे कॉफीची पोती, त्यावर केळ्यांचे घड, त्यावर माणसं, आणि फळीवर लटकलेले आणखी चार. जीप मागे बसते, नाक वर करते, आणि दिवे रस्ता सोडून देवाकडे बघतात. वाटेत माझे डोळे लागतात. पूर्वी मी पुढे बसायचे तेव्हा नाक थोडं तरी खाली राहायचं. तुझ्या बायकोचं वजन ते काय, फुंकरीने उडेल.

आता काय करायचं ते ऐक. ते बल्ब काढ. हो, काढच. फिरवून बसवले तर उजेड थोडा सुधारेल, पण बाबा म्हणतात त्या वाटीला तो बल्ब मानवणारच नाही. तारेचाच घे, चांगल्यातला, पूर्वीच्याच ताकदीचा, जास्त नाही. उजेड कमी पडतो तो बल्बमुळे नव्हे, तुझ्या जीपच्या म्हाताऱ्या वायरींमुळे. दिव्यांसाठी बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढ, मध्ये रिलेचा स्विच घाल, अर्थिंगची गंजलेली जागा घासून काढ, काच आतून पूस. तुझा तुलाच विश्वास बसणार नाही, तोच पिवळा दिवा किती दूर जातो. मग भरलेली जीप घेऊन भिंतीसमोर उभा राहा, पोत्यांसकट, माणसांसकट. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर खडूने खूण कर, आणि डिपरची रेघ त्या खुणेखाली चार बोटं येऊ दे. बाबांनी तुला हे शिकवलं तेव्हा बोटं माझी मोजली होती, तुझी ग्रीसने काळी होती म्हणून.

युरानीला काय सांगायचं ते तुझं तू बघ. गरम होऊन वायर जळत होती म्हण. तिचे बल्ब अंगणात लाव, कोंबड्यांना पिलं शोधायला बरे.

बाबांकडे रिले आहे. शुक्रवारी दिवसा ये, ते हात लावतील. मी त्या वेळी गॅरेजात नसेन. घाबरू नकोस.

आता शेवटचं, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. सासूच्या वळणावर खिडकीला खिडकी लागते, तुला माहीत आहे. उतरणाऱ्याने थांबायचं, चढणाऱ्याने हात बाहेर काढून दोन्ही आरसे दुमडायचे, आणि “देव सोबत असो” म्हणून पुढे सरकायचं. तू लग्न केलंस त्यानंतरही रोज पहाटे मी तुझा आरसा दुमडत आले. तेवढ्या वेळात तुझा चेहरा दिसायचा. दाढी केलीस की नाही, झोप झाली की नाही, सुखात आहेस की नाही. ते मी ट्रकमध्ये घालून वर न्यायचे, दिवसभर पुरायचं. हे दिवे आल्यापासून तुझी खिडकी येते तेव्हा माझ्या डोळ्यांत नुसते हिरवे-जांभळे ठिपके असतात. मंगळवारी पलीकडून तिचं हसू ऐकू आलं, तू दिसला नाहीस. पुढे गेल्यावरही मी ठिपक्यांतून तुलाच शोधत होते, रस्ता नाही, आणि चाक उतरलं. म्हणून रविवारी काय सांगायचं ते मला कळत नाही. खोटं मी बोलणार नाही, आणि हे खरं चौकात बोलता येणार नाही. तेव्हा शनिवारी पहाटे भरलेली जीप घेऊन उतर. मी आरसा दुमडेन. तुझा चेहरा दिसला, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगेन की एवेलिओचे दिवे मी स्वतः पाहिलेत, ठीक आहेत. ती बाजूला बसली असली तरी चालेल. तू फक्त माझ्याकडे बघ.

नऊ हंगामांची तुझीच,
ओमायरा