मी लावलेली तक्रारपेटी

साहेब,

तुम्हांला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हांला काही लिहितेय. तुम्ही असताना लिहायची सोयच नव्हती. कुणी लेखी काही दिलं की तुम्ही ते न वाचता बाजूला ठेवायचात आणि म्हणायचात, "आता तोंडानं सांगा." आमच्या कॉलेजात बरोबर याच्या उलटं शिकवलं होतं. घोडेगावच्या बाहेर त्या भाजी गोठवायच्या कारखान्यात मी दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला आले तेव्हा माझ्याजवळ लॅपटॉप होता, चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन होतं आणि माणसं सांभाळण्याबद्दल मला कळायचं असं आता काही उरलेलं नाही, असा चेहरा होता. तुमच्या दारावर 'एचआर मॅनेजर' ही नवीकोरी पाटी होती, पण अख्खा कारखाना त्या खोलीला टाइम ऑफिसच म्हणायचा. तुम्ही वीस वर्षं तिथे टाइमकीपर होतात. पाटी बदलली तरी खुर्ची तीच होती. तुम्ही माझं प्रेझेंटेशन तिसऱ्या स्लाइडपर्यंत पाहिलंत आणि विचारलंत, "जुन्नरवरनं यष्टीनं आलात न्हवं? गेटवर तुमाला सलाम केला त्या वॉचमनचं नाव काय?" मला कुठून माहीत असणार! "मग उद्यापासून त्याच्या शेजारी उभ्या ऱ्हावा. येणाऱ्याचं नाव इचारायचं. दुसऱ्या दिवशी न इचारता घ्यायचं."

आठवडाभर मी गेटवर उभी होते. बायका नाव सांगताना पदर तोंडाला लावून हसायच्या. एक हमाल रोज नवीन नाव सांगायचा, आणि मी ती सगळी नावं प्रामाणिकपणे वहीत उतरवली होती. पण पुढच्या सोमवारी दोनशेतली दीडशे नावं मला पाठ होती. मग तुम्ही मला हजेरीपटावर बसवलंत, तिथे सगळ्यांच्या सह्या ओळखू यायला लागल्या. शिनोलीवरून येणाऱ्या मावशींची सही तर मी झोपेतही ओळखली असती. त्या प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ द्यायच्या, प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतंत्र छप्पर असल्यासारखी. मावशी पन्नाशीच्या, मटार निवडायच्या फिरत्या पट्ट्यावर कामाला, अंगात स्वेटर, कानाला स्कार्फ आणि त्यावर कंपनीची टोपी.

एवढं शिकल्यावर मला वाटलं, आता आपण काहीतरी सुधारणा केली पाहिजे. मी तक्रारपेटी सुचवली. तुम्ही म्हणालात, "लावा की. पण उघडायची तुमी आन मी, दोघांनीच." मी जुन्नरच्या बाजारातून पत्र्याची पेटी आणली, तिला लाल रंग दिला, पितळी कुलूप लावलं आणि कॅन्टीनच्या भिंतीवर टांगली. शनिवारी उघडली तर सात चिठ्ठ्या! एकीत चहा पातळ असतो. दुसरीत चहा लई गोड असतो. तिसरीत, आमची टोप्या टांगायची खुंटी होती तिथंच ही पेटी कशापायी लावली. चौथीत माझ्यासाठी एक स्थळ होतं, मुलगा आयटीआय, बागायती. तुम्ही ती चिठ्ठी दोनदा वाचलीत आणि म्हणालात, "ही तक्रार न्हाई. ही तुमची तुमी बघा." शेवटच्या चिठ्ठीवर मात्र नाव नव्हतं. "बायकांच्या संडासाची कडी चार महिनं तुटलेली हाय. आमी एकमेकीला राखणीला नेतो. पट्ट्यावरनं दोघी गेल्या की सुपरवायझर वरडतो." आणि प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ.

तुम्हांलाही अक्षर कळलं असणार. तुम्ही चिठ्ठी खिशात घातलीत, एवढंच. मी मात्र खूश होते. माझ्या पेटीनं काम केलं होतं! सोमवारी कॅन्टीनमध्ये सुपरवायझर समोर येऊन बसला. चहा सांगितला, बिस्किटाचा पुडा फोडला, माझ्या पेटीचं कौतुक केलं. साहेब, इतक्या दिवसांत माझं कौतुक करणारा तो पहिला माणूस होता. "बायकांची काय तक्रार आली म्हणं? कोन लिहितंय एवढं हुशारीनं?" मी नाव घेतलं नाही. मी फक्त म्हटलं, "शिनोलीकडचं दिसतंय अक्षर."

दुसऱ्या दिवशी मावशी पट्ट्यावर नव्हत्या. त्यांना थंड खोलीत खोकी मोजायला धाडलं होतं, जिथे तरुण पोरंसुद्धा अर्ध्या तासानं बाहेर येऊन हात चोळत उभी राहतात. बायकांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. कुणी भांडलं नाही, फक्त मी नावानं हाक मारली की कुणाला ऐकूच यायचं नाही. शनिवारी पेटी उघडली तर आत शेंगदाण्याची टरफलं.

तुम्ही मला बोलावलंत. मी अजून ती खोली बघतेय: टेबलावर पंचिंग मशीनची कार्डं, भिंतीवर सुट्ट्यांची यादी, आणि तुम्ही चष्मा पुसताय. "काय बोलला त्याला?" मी म्हणतेय, "मी नाव नाही घेतलं साहेब. फक्त गाव सांगितलं." तुम्ही चष्मा पुसतच राहता. "शिनोलीवरनं आपल्याकडं किती बाया येत्यात?" मी हजेरीपट मनातल्या मनात उलटते. "एक." "मंग?" याच्यावर माझ्याजवळ स्लाइड नव्हती. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "तुमी पेटी लावली, पेटीला कुलूप लावलं. तोंडाला लावायचं ऱ्हायलं." मी रडायला लागले तर म्हणालात, "रडून घ्या, पण लवकर. कडी बसवायची हाय."

कडी तुम्ही येतानाच मोटरसायकलच्या डिकीतून आणली होती. मेंटेनन्सला चार वेळा सांगून झालं होतं म्हणे, म्हणून पाचव्यांदा तुम्ही स्वतःच गेलात. म्हणजे एचआर मॅनेजर बायकांच्या संडासात स्क्रू पिळतोय आणि मी बाहेर राखणीला उभी. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. तीस-चाळीस बायका समोर येऊन थांबल्या. "आत कोन हाय गं?" मी म्हटलं, "साहेब." त्यावर जे हसू फुटलं ते तुम्ही आत ऐकलं असणारच, कारण तुम्ही बराच वेळ बाहेर आला नाहीत.

मावशींना तुम्ही त्याच दिवशी पट्ट्यावर परत आणलंत. सुपरवायझरला लेखी समज दिलीत आणि वर तीन दिवस थंड खोलीत मोजणीला बसवलंत. तो म्हणाला, "ही शिक्षा हाय का साहेब?" तुम्ही म्हणालात, "न्हाई राव, प्रशिक्षण."

राहिले मी. मी म्हटलं, रविवारी शिनोलीला मावशींच्या घरी जाऊन माफी मागते. तुम्ही मान हलवलीत. "घरी एकटीत मागनं तुमच्या सोयीचं झालं. त्यांची गोष्ट सगळ्यांपुढं फुटली, तुमी बी सगळ्यांपुढं मागा." म्हणून मी पट्ट्यासमोर उभी राहिले. मशीनचा आवाज असा की शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही, त्यात सगळ्यांचे कान बांधलेले. मी म्हटलं, "मावशी, माझं चुकलं." "काय म्हनती?" मी मोठ्यानं म्हटलं. "काय पायजे हिला?" तिसऱ्यांदा मी होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "माझं चुकलं!" आणि नेमका त्याच क्षणी ऑपरेटरनं पट्टा बंद केला. पार बाहेर ट्रक भरणाऱ्यांपर्यंत ऐकू गेलं. तिथून कुणीतरी विचारलं, "कुनाचं चुकलं?" मावशींनी मान वर केली नाही. "आगं लई वरडू नगो, ऐकलं. हात धू आन मटार निवड." मी शिफ्ट संपेपर्यंत मटार निवडले. माझ्या वाटचं निम्मं त्यांनी पुन्हा निवडलं. संध्याकाळी त्या सुटताना मला म्हणाल्या, "आता माझी सही न्हाई ओळखायची हां," आणि पहिल्यांदा हसल्या.

माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर तुम्ही शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंत, "नावे पाठ आहेत. बोलणे सांभाळण्यास शिकत आहे." आमच्या मॅडमनी विचारलं, हा कोणता ग्रेड? मी म्हटलं, माहीत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी पहिल्या नोकरीत होते. फोन मावशींचाच आला. मी रजा मागितली नाही. नवी नोकरी, आणि तुम्ही माझे कोण म्हणून काय सांगू, असं वाटलं. आज मी चाकणकडच्या कंपनीत दुसऱ्यांच्या रजा मंजूर करते आणि "कोण होते तुमचे?" असं कधीच विचारत नाही. हे तुमच्यामुळे, पण तुमच्या उपयोगी पडलं नाही.

दरवर्षी नव्या इंटर्न पोरांना मी ही गोष्ट सांगते. पेटी, कडी, थंड खोली, पट्टा, सगळं. पोरं पोट धरून हसतात. काल एका मुलीनं विचारलं, "मॅडम, त्या इंटर्नचं पुढे काय झालं?" पाठवायचं पत्र नाही, म्हणून खरं लिहिते साहेब. इतकी वर्षं मी ती गोष्ट आमच्या वर्गातल्या दुसऱ्याच एका मुलीची म्हणून सांगत आले. पट्ट्यासमोर तीनदा ओरडले होते, पण एसीच्या खोलीत हळू आवाजात सांगवत नाही. मी त्या मुलीला म्हटलं, "तिला काही हे जमलं नाही. तिने एचआर सोडलं, आता शिकवण्या घेते बहुतेक." सगळे "अरेरे" म्हणाले, आणि मलाही जरा तिचं वाईट वाटलं.