सातव्या क्रमांकाची नोंद

१८ ऑक्टोबर १९९९
सकाळी सहाही कॉम्प्युटरांना हळद-कुंकू वाहिलं. खंडेनवमी आणि नोकरीचा पहिला दिवस एकत्र आले, प्रसन्न वाटलं. श्रीरामपुरातली ही बियाण्यांची कचेरी उजेडाची, नीटनेटकी. मालकीणबाई विजयमालाताई म्हणाल्या, इंटरनेट सारखं तुटतं, तेवढं बघा. शिपाई गनीभाईंनी बजावलं की लाईन जोडाल हो, पण नाक घरी ठिवून येत जावा. आम्ही हसलो.

२० ऑक्टोबर
दोष सापडला. सहा जणांना आतले सहा क्रमांक, पण बाहेरच्या जगाला सगळ्यांचा एकच पत्ता दिसतो. कोणी काय मागितलं याची नोंद मधलं यंत्र ठेवतं आणि आलेलं उत्तर ज्याचं त्याला देतं. लाईन तुटून पुन्हा लागली की बाहेरचा पत्ता बदलतो, जुन्या नोंदी मात्र तशाच राहतात. मग उत्तरं हरवतात. नोंदी पुसल्या. सहा चालले.
यादीत सातवा क्रमांकही आहे. तारा सहाच.
माझ्या कीबोर्डवर तुपकट थर आहे. साबणाने निघत नाही. गनीभाई म्हणाले, आधीचे गहिनीनाथ मे महिन्याच्या सुटीत याच खुर्चीत गेले, पाच दिवसांनी सापडले. त्यांचं सातवं यंत्र भंगारात दिलं, कीबोर्ड तेवढा ठेवला.

२३ ऑक्टोबर
लाईन लागली की सातवा पुन्हा येतो. वाट मागतो, मिळत नाही, लाईन पडते. पितरांना आपण पान वाढतोच. त्याच्या नावे कायमची नोंद करून दिली. जाऊ दे बिचाऱ्याला बाहेर. दिवसभर लाईन तुटली नाही.
कुबट, गोडसर वास. भाकरी गेली नाही.

२७ ऑक्टोबर
पुण्याहून लेकीचं, शुभांगीचं ई-मेलवर उत्तर आलं. आबा, रोज सहा-सहा पत्रं का? अंगाला हात लाव, कातडी सुटलीय, असलं काय लिहिता? आजारी असाल तर शुक्रवारी दुपारी कचेरीत येते, बोलावलंत तशी.
मी एकही लिहिलं नव्हतं. तिला सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो.

२८ ऑक्टोबर
नोंद पुसली. परत आली. पुन्हा पुसली —
तिला फोन केला, येऊ नको म्हणालो. ती म्हणाली, कोणीतरी त्यांच्या आवाजात बोलेल हे आबांनी आधीच कळवलंय. तिने फोन ठेवला.
बटणं बोटाखाली मऊ. कोमट. या हाताने जपमाळ धरवत नाही —

२९ ऑक्टोबर
सगळे जेवायला गेल्यावर तार तोडली. आतून पिवळी चरबी — हातावर, वहीवर —
लाईनचा दिवा जळतोच आहे.
शुभांगी बाहेर आलीय. आबा, उघडा म्हणतेय. माझ्या मागून माझाच आवाज, आलो गं —
उघडायचं नाही. आतून कुलूप लावलं. किल्ली मघाशीच मोरीत सोडली, आता आत तो आणि मी —