गाडीतला मुका बझर

मनीषनगर, नागपूर
बुधवार, दुपारचं जेवण झाल्यावर

आदरणीय नत्थूजी,

धाकट्या जावयाचा हात जोडून रामराम. काटोलले सारे मजेत असतील, संत्र्याचा बहार बरा असेल आणि तुमचा गुडघा हिमानीच्या लग्नापर्यंत वाकायले लागला असेल, असं धरून चालतो. माझी तब्येत एकदम ठणठणीत आहे. फोन सोडून हे पत्र काहून लिहून राहिलो, असं तुम्हाले वाटेल. तर या नव्या फोनमध्ये काही दम नाही. समोरचा माणूस तोंडात गुळणी धरून बोलल्यासारखा वाटते. मागं तुम्ही अर्धा तास बोलले, मी हाव हाव करत राहिलो, आणि शेवटी जड आवाजात म्हणालो की देवाच्या मर्जीपुढं कोणाचं काही चालत नाही. नंतर समजलं की तुम्ही हिमानीचं लग्न ठरल्याचं सांगत होते. (तुम्हीही जरा तोंड उघडून बोलत जा बाप्पा, राग नका मानू.)

मुद्दा असा, की तुमच्या बहिणीनं, शोभानं, माझ्याशी अबोला धरला आहे. याले दोन महिने झाले. आम्ही अमरावती रोडनं वाडीकडून येऊन राहिलो होतो. पुढं ट्रक, मागं ट्रक. मी जरा डावीकडे गाडी घेतली, तर तिथं एक ई-रिक्षा होती. आता आरशात दिसली नाही तर मी काय करू? दोन्ही डाव्या दरवाज्यांवर लांबलचक ओरखडा गेला, आणि रिक्षातल्या बाईच्या टोपलीभर हिरव्या सांबाराच्या जुड्या खिडकीतून शोभाच्या मांडीवर आल्या. शोभा म्हणते, मी तीनदा ओरडली, अजी डावीकडे पाहा, अजी डावीकडे पाहा. मी म्हणतो, नत्थूजी, तिनं चकार शब्द काढला नाही. मी तिच्या शेजारीच बसलो होतो, मले कळणार नाही? यावरून जुंपली ते जुंपलीच. आता मी बैठकीतून चहा मागतो, पाणी मागतो, वर्तमानपत्र मागतो, स्वयंपाकघरातून उत्तर नाही. चहा येते, पण मुकाट येते. समोर आली की दोन-चार शब्द बोलते, पाठ फिरवली की संपलं. परवा मात्र पुढ्यात उभी राहून, कमरेवर हात ठेवून तिनं जाहीर केलं की हिमानीच्या लग्नाले ती एसटीनं येणार, माझ्या गाडीत बसणार नाही. म्हणजे सासरवाडीच्या मांडवापुढं मी गाडीतून एकटा उतरणार, आणि पोरीची आत्या स्टँडवरून पिशवी धरून पायी येणार! छत्तीस वर्षांची इज्जत आहे माझी काटोलमध्ये. तिले गाडीत बसवल्याशिवाय मी तुम्हाले तोंड दाखवू शकत नाही.

म्हणून मी ब्लाइंड स्पॉट मॉनिटर मागवला. आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात कोणी आलं की हे यंत्र सांगते. मागच्या बंपरमध्ये दोन सेन्सर, आरशाजवळ एकेक लाल दिवा, आणि स्टिअरिंगखाली एक बझर. कोपऱ्यात गाडी असली की दिवा लागते, त्यात तुम्ही इंडिकेटर दिला की बझर वाजते. शेजारचा विक्की म्हणे, काका, दुकानात बसवून घ्या. मी म्हटलं, का गा, हिंगण्याच्या कंपनीत पत्रा ठोकायच्या खात्यात चौतीस वर्षं वायरमनकी केली ती काय झक मारायले? तिथं एकेक प्रेस अशी धडाडत होती की माणसं खुणांनी बोलत. तिथली वायरिंग करणारा माणूस एवढ्याशा गाडीपुढं हात टेकणार आहे का?

काम मी नंबरी केलं. मागचा बंपर उतरवला (उतरवताना चार क्लिपा तुटल्या, पण त्या कंपनीनं फालतूच जास्तीच्या दिलेल्या असतात). वायर डिक्कीतून, सीटखालून, दरवाज्याच्या पट्टीखालून पुढं आणली. फ्यूज बॉक्समधून सप्लाय घेतला, अर्थिंग थेट बॉडीच्या बोल्टले दिलं. मग गाडीच्या मागं डाव्या कोपऱ्यात कूलर उभा केला, चावी फिरवली, डावा इंडिकेटर दिला. दिवा लख्ख लागला. बझर मुका.

तेव्हापासून मी त्या बझरच्या मागं लागलो आहो. अर्थिंग बदललं. जोड उकलले, पुन्हा टेप मारले. दुसरा बझर आणला, तोही मुका. टेस्ट लॅम्प लावून पाह्यला तर सप्लाय बरोबर. अर्धा अर्धा तास इंडिकेटर चालू ठेवून मी स्टिअरिंगखाली डोकं घालून पडून राहतो, की आता वाजते, मग वाजते. त्यात गल्लीची काहीच मदत नाही. मी टेस्ट घेतली रे घेतली की विक्कीचं कुत्रं आभाळाकडे तोंड करून रडायले लागते. समोरच्या मधुवंतीबाई फाटक उघडून येतात, माझ्याकडे पाहतात, कपाळाले हात लावतात आणि परत जातात. कोणाले कोणाचं बरं पाहवत नाही हेच खरं. आणि शोभा! मी गाडीत बसलो की ती खिडक्या लावून घेते आणि कानात कापसाचे बोळे कोंबते. अबोल्याले काही हद्द आहे की नाही, नत्थूजी? बोलणार नाही हे ठीक, पण ज्या गाडीले मी तिच्यासाठी राबून राहिलो, तिच्याकडं कानही द्यायचा नाही?

तुम्ही तिचे मोठे भाऊ. तुमचा शब्द ती मोडत नाही. तिले दोन गोष्टी समजावून सांगा, एवढंच मागणं आहे. वहिनींना नमस्कार, हिमानीले आशीर्वाद.

तुमचा,
महादेवराव

ता. क. शुक्रवार. पत्र टाकायचं राहून गेलं. काल मी तिसरा बझर आणला आणि तिन्ही एकदम जोडले, म्हटलं एखादा तरी वाजेल. पाच मिनिटांत अर्धी गल्ली फाटकात. मले वाटलं काम पाहायले आले, म्हणून मी खुर्च्या काढल्या. विक्की धावत आला, माझ्या कानाशी तोंड आणून त्याच्या घोगऱ्या आवाजात ओरडला, काका, बंद करा, चार दिवसांपासून वाजून राहिला तो! मी म्हटलं, काहीच्या काही नको बोलू. तर त्यानं माझं बोट धरून बझरवर टेकवलं. नत्थूजी, तो बोटाखाली थरथरत होता. तिन्ही थरथरत होते. मले काहीच ऐकू येत नव्हतं.

ता. क. दुसरं. वरचं सगळं मागणं रद्द समजा. खरं काम हे, की तुम्ही कानात ते मशीन घालता, ते कोणत्या डॉक्टरकडून घेतलं ते कळवा. तुमच्या साठीच्या दिवशी चारचौघांत मी त्याची थट्टा केली होती, ती मागं घेतो. लग्नाच्या आधी मले गुपचूप घेऊन चला. शोभाले सांगू नका.

ता. क. तिसरं. शोभाले सांगायले हरकत नाही. आज तिले समोर बसवलं, तिच्या तोंडाकडं पाहत विचारलं, काहून बोलत नाहीस वं? ती मोठ्यानं म्हणाली, मी तर दिवसभर बोलते, तुम्हीच जबाब देत नाही. दोन महिने ती समजून राहिली होती की अबोला मी धरला आहे. मग पदर डोळ्याले लावून बसली. मलेही कसंसंच झालं. वाडीच्या रस्त्यावर ती तीनदा ओरडली होती, हे आता मले मान्य आहे. गाडी घरीच ठेवून आम्ही दोघंही एसटीनं येऊ, स्टँडवर कोणाले पाठवू नका. दोन महिन्यांत ती काय काय बोलली ते मी विचारलं, पण ती पुन्हा सांगायले तयार नाही, म्हणते, बोलली ते बोलली. म्हणून डॉक्टर जरा लवकरचा पाहा.