बिऱ्हाडबंदी

२ नोव्हेंबर १९२७
बंदीची मुदत महिनाअखेर संपते! शुक्रवार पेठेत नवी खोली बांधायची नाही, जुन्या खोलीत माणूस वाढवायचं नाही — गेल्या प्लेगनंतर सहा महिन्यांपुरतं ठरलं होतं. आता वाढवायची की उठवायची? म्युनिसिपालिटीत मतं निम्मी-निम्मी. मी या पेठेचा मेंबर, अजून कुठल्याच बाजूला नाही; म्हणजे सगळं माझ्या मतावर आलं.

येताना घरमालक धुळाप्पाच्या चाळीवरून आलो. तिच्या वरच्या मजल्याचा परवाना मीच भांडून मिळवून दिला होता. प्लेगात तिथल्या एकाच खोलीतले चौघे विणकर गेले. कुलूप आहे तिला, तरी भरदुपारी आत माग चालल्याचं ऐकू आलं. थांबायची छाती झाली नाही.

९ नोव्हेंबर
पुन्हा माग! बायकोला सांगितलं. चन्नम्मा म्हणाली, "शेजारच्या घरातला असंल की." शेजारी घर नाही, गोठा आहे.

१४ नोव्हेंबर
चाळीतली नागम्मा आली. लेक बसव्वा होटगीहून पहिलटकरीण म्हणून माहेरी आलीय. धुळाप्पा ठेवू देईना — खोलीत माणूस वाढतं म्हणे!

"शिवयोगी अण्णा, बाळतपनाला आलेली लेक म्हंजे भाडेकरू व्हय? कुटं ठिवू तिला?"

हळूच म्हटलं, "ठेव. धुळाप्पाला मी बघतो. म्युनिसिपालिटीच्या खोलीवार माणसांच्या यादीत तिला घालू नकोस, आणि माझं नाव कुठे काढू नकोस."

"न्हाय काडनार. सिद्धरामाची आन!"

पाया पडून गेली. फार दिवसांनी मला बरं वाटलं.

२८ नोव्हेंबर
बंदी आणखी सहा महिने — माझ्या एका मतावर. ते चौघे डोळ्यांपुढून हलेनात. भाषण ठोकलं, "एकालाही सूट नको!" टाळ्या पडल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण! लाज वाटली.

६ डिसेंबर
बसव्वाला मुलगा झाला. चन्नम्मानं खारीक-खोबरं पाठवलं. आज माग ऐकू आला नाही.

२० डिसेंबर
चाळीत उंदीर मरून पडला — प्लेगची खूण. उद्या डॉक्टर यादी घेऊन येणार, खोलीखोलीतल्या माणसांना प्लेगची लस टोचणार. बंदीमुळे माणसं कमी आहेत, तेवढंच बरं.

२ जानेवारी १९२८
बसव्वा गेली. काखेत गाठ. तिला टोचलंच नव्हतं — डॉक्टर आले तेव्हा नागम्मानं तिला तान्ह्यासकट माळ्यावर लपवलं होतं.

"यादीत न्हवती की, अण्णा. कुनाच्या हुकमानं ठिवली म्हून इचारलं असतं. तुमचं नाव न्हाय काडलं मी."